पहारा बदलायला कोणी आहे का?



आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी सप्ताहात वीणेचा पहारा केला असेल. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली ठेवायची नसते. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आपल्या वेळेला उभे राहणाऱ्याला ठाऊक असते, की दोन तासांनी पुढचा माणूस हातपाय धुऊन येईल, पाया पडेल आणि वीणा आपल्याकडे घेईल. त्या भरवशावर तो उभा राहतो. पुढचा माणूस वेळेवर आला नाही तर पाय भरून येतात, नामात लक्ष राहत नाही, नजर सारखी मंडपाच्या दाराकडे जाते. आमच्याकडे बायकांना दुपारचा पहारा असतो. मी तो कितीतरी वर्षे केला आहे. आणि तरीही माझ्याच घरात एक बाई साडेतीन वर्षे एकटी उभी होती, आणि तिच्याकडे माझे लक्ष गेले नाही. ती माझी सून. तिची, आणि माझ्या चुकीची, ही हकीगत आहे. सांगताना लाज वाटते. पण आपल्या घरात किंवा शेजारी अशी एखादी माउली असेल म्हणून सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आम्ही मोशीला राहतो. एका बाजूला आळंदी, दुसऱ्या बाजूला देहू. घराजवळच्या रस्त्याने दोन्हीकडे जाता येते, याचा मला फार अभिमान. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात आहे. आठवड्याला पाळी बदलते. तिसरी पाळी असली की तो सकाळी येऊन झोपतो आणि घरात सगळ्यांनी हळू बोलायचे असते. नातू आता आठ वर्षांचा आहे.

तो दोन वर्षांचा असताना ‘आबा’, ‘पाणी’, ‘दे’ असे चार-पाच शब्द बोलायचा. मग ते शब्द हळूहळू गेले. हाक मारली तरी मान वळवेना. तीनचाकी सायकल उलटी करून तिचे चाक तासन्‌तास फिरवत बसायचा. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून किंचाळायचा. सूनबाई म्हणाली, “आई, याला दाखवायला हवं.” मी म्हणाले, “काही नको. याचा बापही उशिराच बोलला.” आज वाटते, शाळेत मी एवढी वर्षे मुले पाहिली आणि स्वतःच्या नातवाच्या वेळी डोळे मिटून घेतले.

माझ्या त्या एका वाक्याने त्याचे सात-आठ महिने गेले. शेवटी तिने माझे ऐकले नाही आणि डॉक्टरांना दाखवले. ऑटिझम, म्हणजे मराठीत स्वमग्नता, असे निदान झाले. हा शब्द ऐकून मला आधी बरेच वाटले. स्वतःत मग्न म्हणजे एखादा योगीच की! पण तसे नाही, हे मला पुढे कळले. तो स्वतःत रमून बसलेला नसतो. बाहेरचा आवाज, उजेड, स्पर्श, माणसांचे बोलणे हे सगळे त्याच्या मेंदूत वेगळ्या रीतीने पोहोचते. आपल्याला जो टाळांचा गजर आनंद देतो, तो त्याला कानात सुई टोचल्यासारखा वाटू शकतो. जे हवे ते सांगायला शब्द मिळत नाहीत, मग तो आरडतो, हात चावतो, जमिनीवर लोळतो. पाहणाऱ्याला तो हट्ट दिसतो.

निदान झाल्यावर मी काय केले? दोष शोधला. आधी म्हणाले, “तू त्याच्या हातात मोबाइल दिलास.” मग म्हणाले, “नोकरीच्या नादात पोराकडे लक्ष नव्हतं.” एकदा तर म्हणाले, “सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा तू भाजी चिरत होतीस. मी सांगितलं होतं.” ती काही बोलली नाही. महिनाभरात तिने नोकरी सोडली. मला वाटले, चला, शहाणी झाली.

वाचक माउली, तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई आणि ग्रहणाच्या गोष्टी बोलते. पण आईला दोष देण्याचा हा रोग केवळ आपल्या खेड्यापाड्यांतला नाही. अमेरिकेत १९४३ साली लिओ कॅनर या डॉक्टरांनी ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतर बरीच वर्षे तिकडचे विद्वान सांगत राहिले, की आई मायेने थंड असली की मूल असे होते. बर्फाच्या कपाटासारखी आई, असा शब्दच त्यांनी काढला होता. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी त्या मताचे मोठे पुस्तक लिहिले आणि ते गाजले. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी हा दोष आईचा नसून मूल मेंदूच्या जडणघडणीतूनच असे असते, असे मांडले होते. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. पुढे संशोधनाने त्यांचीच बाजू खरी ठरवली. पण तोवर किती आयांनी स्वतःला गुन्हेगार समजून आयुष्य काढले असेल! त्यांच्याकडे तो दोष पुस्तकातून आला, आमच्याकडे ग्रहणातून. जाऊन पडला तो आईच्याच डोक्यावर.

आणखी एक शब्द आपण फार सहज वापरतो: प्रारब्ध. “तिचं पूर्वसंचित, दुसरं काय!” असे माझ्याच मैत्रिणी माझ्या ओट्यावर बसून म्हणायच्या आणि मी मान डोलवायचे. माझ्या अल्पबुद्धीला आता एवढेच कळते, की प्रारब्ध हा शब्द स्वतःचे दुःख सोसताना वापरावा. दुसऱ्याच्या दुःखावर तो टाकला की तो दगड होतो. मी तर याच्याही पुढे गेले. एका भगताकडे नातवाला नेले. अंगारा लावताना ते पोर भीतीने थरथरत होते. तुकोबारायांनी नवस-सायासांवर आणि अंगात आणणाऱ्यांवर किती कोरडे ओढले आहेत, हे मला माहीत नव्हते काय? गाथ्याचे पारायण करत होते मी. पण पारायण ओठांनी झाले होते.

सूनबाईचा दिवस कसा जायचा ते सांगते. आठवड्यातून चार दिवस ती नातवाला घेऊन निगडीला जायची. वाचा उपचार पाऊण तास, व्यवसायोपचार पाऊण तास. त्यासाठी जाऊन-येऊन तीन तास. भोसरीच्या गर्दीत बस अडकली की तो अस्वस्थ व्हायचा, ओरडायचा. मग बसमधले कोणीतरी म्हणायचे, “बाई, पोराला सांभाळता येत नाही का?” घरी आल्यावर तेच व्यायाम पुन्हा करून घ्यायचे. त्याला तीनच पदार्थ चालतात, तेही ठरावीक ताटलीत. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही. मुलगा तिसऱ्या पाळीला गेला की रात्रभर ती आणि ते मूल. मी माझ्या खोलीत. पहाटे काकड्याला उठायचे असते ना मला!

हळूहळू तिला कोणी बोलावेनासे झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे मला यायचे, तिला नाही. नात्यातल्या एका बारशाला निघालो तर फोन आला, “त्याला नका आणू, लहान बाळ आहे घरात.” जणू हा संसर्गाचा रोग आहे! बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तो गुणगुणायला लागला की शेजारीण आपल्या मुलीला जवळ ओढून घ्यायची.

आणि एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एकादशीचे कीर्तन होते. सूनबाई म्हणाली, “आई, मीही येते. फार दिवस झाले.” लहानपणी ती वडिलांबरोबर दिंडीत चाललेली मुलगी. नातवाला घेऊन ती मागे बसली. पूर्वरंग बरा गेला. मग टाळ वाजू लागले, कर्ण्याचा आवाज वाढला आणि त्याने कान झाकून किंकाळी फोडली. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ वळून म्हणाले, “आधी पोराला वळण लावा, मग कीर्तनाला या.” चार माणसे हसली. मी बायकांच्या पहिल्या रांगेत होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली आणि टाळी वाजवत राहिले. ती मुलाला उचलून पावसात एकटी घरी गेली. त्या दिवशी मी उपवास केला होता, कीर्तन ऐकले होते, प्रसाद घेतला होता. पण माझी ती एकादशी झाली, असे मला आज म्हणवत नाही.

त्यानंतरच्या आषाढीला मी नेमाप्रमाणे वारीला गेले. परतले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पायांवर डोकी ठेवली. “काकू, तुमच्यामुळे घराला पुण्य.” मी घरात आले. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, नातू कान झाकून भिंतीवर डोके आपटत होता, आणि सूनबाई ओट्याला टेकून खाली बसली होती. डोळे उघडे, पण हालचाल नाही. मी गॅस बंद केला आणि सवयीने बोलले, “अगं, असं काय करतेस? मी तीन आठवडे चालून आले, तरी उभी आहे.”

ती शांतपणे म्हणाली, “आई, तुम्ही तीन आठवडे चाललात. पण रोज रात्री तंबूत झोपलात ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग तीच म्हणाली, “मला पंढरी नको, काही नको. मला झोप हवी. कधी कधी वाटतं, रात्री डोळा लागावा आणि सकाळी उघडूच नये. मग कुणीतरी याला नीट सांभाळेल.”

वाचक माउली, हे शब्द ऐकले आणि मला आळंदी आठवली. विठ्ठलपंत संन्यास सोडून परत आले, आणि रुक्मिणीबाईंच्या चारही लेकरांवर संन्याशाची पोरे म्हणून शिक्का बसला. गावाने वाळीत टाकले. परंपरा सांगते, की मुलांना तरी गावाने पदरात घ्यावे म्हणून त्या आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. पण पुढे काय झाले? मुलांना तरीही शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. आई गेली म्हणून लेकरांना जागा मिळाली नाही. लेकरे फक्त पोरकी झाली. ज्या गावात त्यांना थारा नव्हता, तिथेच कार्तिकीला आपण रात्र-रात्र रांगेत उभे राहतो. सुवर्णपिंपळाला हात जोडतो. त्या पिंपळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या रुक्मिणीबाईंना त्या वेळी कोणी एक तांब्या पाणी तरी दिले असेल का, हा प्रश्न मला इतक्या वाऱ्यांत कधी पडला नव्हता. आणि आता माझ्या घरातली आई तेच म्हणत होती, की मी गेले तर याचे बरे होईल.

मी तिच्याजवळ खाली बसले. म्हणाले, “तू उठ, आत जाऊन झोप. तो माझ्याकडे.” ती म्हणाली, “तुम्हाला नाही जमणार.” खरेच जमले नाही. पहिल्याच दिवशी मी पंखा बंद केला म्हणून त्याने माझ्या हाताला चावा घेतला. तो त्या फिरत्या पात्यांकडे पाहून स्वतःला शांत करत होता, हे मला कुठे माहीत? मग मी शिकले. निगडीला तिच्याबरोबर जाऊन बाईंकडून रीतसर शिकले. पुढे काय होणार हे त्याला आधी चित्र दाखवून सांगायचे. एका वेळी एकच गोष्ट बोलायची. कुकर लावण्याआधी त्याला गॅलरीत न्यायचे. शिकवणारी मी, पासष्टीनंतर विद्यार्थिनी झाले. आता मंगळवार-शुक्रवारची दुपार आणि मुलाच्या तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात रोजची रात्र, हा माझा पहारा. सुट्टीच्या दिवशी मुलाचा.

सूनबाईला आम्ही मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवले. इतकी वर्षे विश्रांती न मिळाल्याने माणूस आतून रिता होतो, त्यावर उपचार असतात, ही गोष्ट आपल्याकडे अजून लपवली जाते. कोणाच्या मनात जगणे नको असा विचार येत असेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. देवाचे नाव घ्यावे आणि हा फोनही करावा. दोन्हींत विरोध नाही.

निगडीच्या त्या केंद्रात बाकावर बसून मला आणखी माउल्या भेटल्या. एक मराठवाड्यातली. नवरा म्हाळुंग्याला कंत्राटी कामावर, बारा तासांची पाळी. दोन खोल्यांत ती आणि सहा वर्षांची मुलगी. सासू नाही, आई नाही, शेजार रोज बदलता. गावाकडे अजून सांगितलेले नाही. गावच्या यात्रेलाही ती तीन वर्षे गेलेली नाही. “पोरगी आजारी आहे” म्हणून सांगते. माझ्या सुनेला निदान मी तरी होते, उशिरा का होईना. आपल्या या पट्ट्यात कारखान्यांमुळे पोटासाठी आलेली अशी किती घरे असतील, ज्यांचा पहारा बदलायला कोणीच नाही!

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालाचा अंदाज आहे, की साधारण १२७ माणसांमागे एक स्वमग्न असतो. आपल्या दिंडीत दोनशे-तीनशे माणसे असतात. सप्ताहाच्या मांडवात पाचशे-हजार बसतात. मग ही मुले आणि त्यांच्या आया आपल्याला दिसत का नाहीत? त्या नाहीत असे नाही. आपणच कधीतरी वळून पाहिले, हसलो, आणि त्या उठून गेल्या.

काही गोष्टी कामाच्या म्हणून सांगते. वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द जात असतील, तर माझ्यासारखे “उशिरा बोलेल” म्हणून थांबू नका. लवकर उपचार सुरू झाले तर मुलाला पुष्कळ शिकता येते. जिल्हा पातळीवर सरकारची शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात, तिथे चौकशी करा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. त्याचे प्रमाणपत्र मिळते. १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला आहे. त्याच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची सोयही आहे. आपल्यामागे याचे कसे होणार, ही काळजी या आयांना रात्री झोपू देत नाही. म्हणून ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवणे हीसुद्धा सेवाच. दिल्लीत मेरी बरुआ नावाच्या एका आईने स्वतःच्या मुलासाठी वाट शोधता शोधता १९९१ मध्ये संस्था उभी केली. आपण संस्था काढू शकणार नाही. पण दोन तास मूल सांभाळू शकतो.

नातू आजही बोलत नाही. चमत्कार झाला, असे मी लिहिणार नाही. तो चित्र उचलून ‘पाणी’ मागतो, स्वतःच्या हाताने जेवतो, आणि वीणेची तार छेडली की जवळ येऊन खोक्यावर गाल टेकवतो. आमच्या मंडळाने गेल्या सप्ताहात मांडवाच्या कडेला, दाराजवळ, कर्ण्यापासून दूर एक सतरंजी टाकली. तिथे अशा मुलांनी बसावे, उठावे, फिरावे, आवाज करावा. कोणी वळून पाहायचे नाही, हे महाराजांनी कीर्तनाआधीच सांगितले. पहिल्या दिवशी आमचेच एक कुटुंब होते. शेवटच्या दिवशी तीन होती. मराठवाड्यातली ती माउली मुलीला घेऊन काल्याला आली. आमच्या बायकांनी तिच्या मुलीजवळ पाळीपाळीने बसायचे ठरवले आणि तिला पंगतीत बसवले. ती म्हणाली, “गरम जेवण बसून खाल्ल्याला लई दिवस झाले.”

यंदा मी पूर्ण वारी केली नाही. पुंडलिकाने सेवा अर्धी टाकली नाही, देवाला विटेवर थांबवले. त्या देवाला माझे थांबणे समजेल, एवढा विश्वास आहे. तुकोबारायांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली त्या दिवशी मी सूनबाईला म्हणाले, “तू जाऊन ये दर्शनाला, मी आहे घरी.” ती तयार झाली, साडी नेसली, आणि दारापर्यंत जाऊन परत आली. “आई, रागावणार नसाल तर मी झोपते.” मी म्हणाले, “झोप.” ती दार लावून संध्याकाळपर्यंत झोपली. नातू आणि मी गॅलरीत सायकलचे चाक फिरवत बसलो होतो. खालून देहूकडून येणाऱ्यांच्या गाड्या जात होत्या.

वाचक माउली, आपण एकमेकांना माउली म्हणतो. रस्त्यात अनोळखी माणसाच्याही पाया पडतो. जनाबाईचे दळण देवाने दळू लागले, हे डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घरात, गल्लीत, दिंडीत अशी एखादी आई असेल, तर तिला उपदेश करू नका, उपाय सांगू नका. हातपाय धुऊन तिच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, “माउली, आता माझी पाळी. तुम्ही बसा जरा.”

रामकृष्ण हरी.